जुन्या बाजारातील यंत्र

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि या चित्रकारांना चलच्चित्रांचे वेड लागले. परदेशी कॅमेरा आणवणे ही मोठ्या खर्चाची बाब! आनंदरावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक वापरलेले यंत्र घेतले. त्यावर खेळ दाखवता दाखवता दोघे त्याची रचना न्याहाळू लागले.

चित्र दाखवणाऱ्या यंत्रावरून चित्र घेणारे यंत्र कसे उमगावे? पण दोहोंचा प्राण एकच. फिल्मची पट्टी भिंगामागून अखंड धावत नाही. क्षणभर थांबते, सरकते, पुन्हा थांबते. ती सरकत असताना झडप मिटलेली हवी, नाही तर चित्र विस्कटते. मूकपटांच्या काळी हाताने मूठ फिरवून सेकंदाला सुमारे १६ चित्रे घेत. मूठ अधिक वेगाने फिरवली, तर तीच हालचाल पडद्यावर संथ दिसे. अशा कामात चाकाच्या दात्याचा केसभर फरकही खपत नाही.

जुळवाजुळव चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. अर्धे राहिलेले काम एकट्या बाबूरावांच्या पदरी आले. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून त्यांनी ते नेटाने चालवले. (हेच दामले पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक झाले.) अखेर १९१८ साली तो स्वदेशी कॅमेरा चालू लागला.

१९२० साली बाबूरावांचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्यात झळकला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की, पुढे तो गाळावा लागला.