शनिवारची माती

एप्रिल लागला की शनिवारी सकाळी आमच्या शेजारच्या गॅरेजचं दार वर जातं आणि उतारावर सुकलेल्या मातीची ढेकळं पडायला लागतात. ती गेल्या शनिवारची माती. गाडीच्या पत्र्यांना आतल्या बाजूनं ती इतकी घट्ट बसलेली असते की शेजारी आधी पट्टीनं खरवडतो आणि मगच पाण्याचा फवारा मारतो. सोमवार ते शुक्रवार हा माणूस लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करतो. शनिवारी संध्याकाळी तो मातीच्या ट्रॅकवर शर्यत खेळतो.

मी मूळची कोल्हापूरची. आयोवा राज्याची राजधानी असलेल्या डेमॉइन शहरात मला सोळा वर्षं झाली. विमा कंपन्यांचं हे शहर, आणि शहराची हद्द संपली की मका आणि सोयाबीन. पहिली काही वर्षं आमचे शनिवार मराठी मंडळींच्या घरी जेवणात आणि मॉलमध्ये जायचे. मग एकदा शेजारीण म्हणाली, "मुलाला घेऊन ये. आवडलं नाही तर तासाभरात घरी जा." आम्ही गेलो ते रात्री साडेदहाला परतलो. मुलाच्या केसांत, माझ्या ओढणीत, गाडीच्या सीटवर, सगळीकडे माती होती.

ते ठिकाण म्हणजे बून नावाच्या लहान गावातला ट्रॅक. लंबवर्तुळाकार, एक तृतीयांश मैलाचा. चारही वळणांवर गाड्या आडव्या होऊन घसरत जातात. चालक स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरतो आणि गाडी डावीकडे जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गेली ही हातची. तेवढ्यात ती सरळ होते आणि पुढच्या वळणाकडे सुटते. तुम्ही बाकावर बसलेले असता आणि हे सगळं तुमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर चाललेलं असतं. चाकांनी उडवलेली बारीक ढेकळं जाळीतून येऊन पायाशी पडतात.

त्या रात्री मला सर्वांत जास्त ओळखीची वाटली ती मातीची निगा. दुपारपासून पाण्याचा टँकर ट्रॅकवर फेऱ्या मारत असतो. माती उकरायची, भिजवायची, रोलरनं आणि गाड्यांच्या चाकांनी दाबायची, पुन्हा भिजवायची. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी पडलं तर धुरळा. बरोबर जमलं की मातीला चकाकी येते आणि टायर तिला धरतात. रात्र चढते तशी आतली बाजू गुळगुळीत होत जाते, सुटी माती बाहेरच्या कडेला साचून तिचा बांध तयार होतो. मग कोण आतून जातो आणि कोण त्या बांधाला चाक टेकवून बाहेरून काढतो, यात शर्यतीची सगळी गंमत असते. माझे आजोबा तालमीत जायचे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात ते मला लहानपणी घेऊन गेले होते. तिथल्या हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कशी मळतात हे त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. माती बिघडली तर कुस्ती बिघडते, असं ते म्हणायचे. बूनला टँकरवाल्याकडे बघताना मला आजोबाच आठवत होते.

आणि माती बिघडली तर प्रेक्षकही जातात. हा अनुभव मी घेतला आहे. दुसऱ्या एका ट्रॅकवर आम्ही जुलैच्या उकाड्यात गेलो होतो. वारा सुटला होता, पाणी नीट मारलेलं नव्हतं. तिसऱ्या शर्यतीपासून समोरचं काही दिसेना. मुलाचे डोळे लाल झाले. वर अपघातांमागून अपघात, प्रत्येकानंतर अर्धा अर्धा तास खोळंबा. मुख्य शर्यत सुरू झाली तेव्हा बारा वाजायला आले होते आणि निम्मे बाक रिकामे होते. लहान मुलं आईबापांच्या खांद्यावर झोपली होती. त्या ट्रॅकवर आम्ही पुन्हा गेलो नाही. तिकीट स्वस्त असलं म्हणून कुणी दुसऱ्यांदा येत नाही. मुलं जागी असताना कार्यक्रम संपला तर येतात.

ट्रॅकचा धंदा मला कळला तो शेजारणीमुळे. ती तिकिटाच्या खिडकीवर नाही, मागच्या दारावर बसते, पिटच्या, म्हणजे गाड्या जिथं तयार होतात त्या आवाराच्या. शर्यतीच्या गाड्या, त्यांचे मालक, मेकॅनिक, भाऊ, मेव्हणे, सगळे त्या दारानं आत जातात आणि प्रत्येकाला पैसे मोजून मनगटावर कागदी पट्टी बांधून घ्यावी लागते. ती पट्टी तीस-पस्तीस डॉलरला असते, पुढच्या प्रेक्षकाच्या तिकिटापेक्षा महाग. हिशोब करा. शंभर गाड्या आल्या आणि प्रत्येकीमागं चार माणसं धरली तरी बारा हजार डॉलरच्या वर जमा झाले, आणि अजून बाकावर एकही माणूस बसलेला नाही. बक्षिसं, विमा, रुग्णवाहिका, दिवे, पाणी, माणसांचे पगार यांतला मोठा वाटा या मागच्या दारातून निघतो. पुढच्या दाराचे पैसे, खाण्यापिण्याची खिडकी आणि गावातल्या टायरवाल्यापासून बँकेपर्यंतच्या लोकांचे कुंपणावरचे फलक, यातून जे उरेल ती कमाई. दुपारी चारला पाऊस आला तर आधीच आणलेले बर्गर आणि पाव वाया जातात. हल्ली पाऊस यावाही लागत नाही. फोनवर ढगांचं चित्र दिसलं तरी माणसं घरी बसतात.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की अशा ट्रॅकचं खरं भांडवल म्हणजे माझ्या शेजाऱ्यासारखा माणूस. त्याच्या एका गाडीमागं बायको, दोन मुलं, सासूबाई, कामावरचे चार सोबती आणि मुलाच्या वर्गातली दोन घरं येतात. प्रत्येकाच्या अंगात त्याच्या नंबरचा टीशर्ट असतो. जाहिरातीवर कितीही खर्च करा, इतकी पक्की माणसं मिळत नाहीत. तो परवडत नाही म्हणून थांबला, तर बाकावरची एक अख्खी रांग त्याच्याबरोबर जाते.

आणि परवडेनासं होणं फार सोपं आहे. पैसेवाला महागडं इंजिन आणतो, जिंकतो, मग दुसऱ्याला तसंच आणावं लागतं. यावर आयोवानं काढलेला तोडगा मला फार आवडतो. इथल्या व्हिंटन गावात आयएमसीए नावाच्या संस्थेचं मुख्य कार्यालय आहे. संस्था 1915 सालची. 1979 मध्ये तिनं 'मॉडिफाइड' नावाचा गाड्यांचा नवा वर्ग सुरू केला आणि त्यात एक नियम घातला. शर्यत संपल्यावर मागं राहिलेला चालक जिंकणाऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला मागू शकतो. तेव्हा किंमत जेमतेम काहीशे डॉलर होती. द्यायला नकार दिला तर जिंकलेलंही हातचं जातं. मग हजारो डॉलरचं इंजिन बसवून येणार कोण? एका वाक्याच्या नियमानं खर्चाला लगाम लागला. पुढं कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या इंजिनांचाही पर्याय आला. हा वर्ग देशभर पसरला, आणि दर सप्टेंबरला बूनच्या या छोट्या ट्रॅकवर आयएमसीएच्या मोठ्या स्पर्धेला शेकडो गाड्या येतात. आमच्या शेजाऱ्यानं गेल्या वर्षी तिथं दोन दिवस गाडी चालवली. अंतिम फेरीच्या जवळपासही तो पोचला नाही. यंदा पुन्हा जाणार आहे.

डेमॉइनपासून साधारण चाळीस मैलांवर, आग्नेयेला, नॉक्सव्हिल आहे. तिथली गोष्ट वेगळ्या पातळीवरची. गाव साडेसात हजार वस्तीचं, आणि ट्रॅकच्या बाकांवर त्याच्या तिप्पट माणसं बसतात. अर्ध्या मैलाचा, काळ्या मातीचा हा ट्रॅक जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानात आहे. अमेरिकेच्या या भागातले कितीतरी ट्रॅक बरोबर अर्ध्या मैलाचेच का, तर ते मूळचे जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतींसाठी आखलेले. घोडे गेले, मोटारी आल्या. मैदान आजही जत्रेच्या ना-नफा संस्थेकडे आहे, कुणा एकट्या मालकाकडे नाही. जमिनीला चांगला भाव आला म्हणून उद्या कुणी ती विकून मोकळं होणार नाही.

1954 पासून इथं दर आठवड्याला शर्यती होतात, आणि 1961 पासून दर ऑगस्टला 'नॉक्सव्हिल नॅशनल्स'. इथल्या गाड्या स्प्रिंट कार. डोक्यावर मोठा पंख लावलेल्या, वजन चालकासकट साधारण साडेसहाशे किलो आणि ताकद नऊशे अश्वशक्तीच्या आसपास. त्यांना स्टार्टर नसतो, क्लच नसतो. मागून ट्रक ढकलतो आणि मग इंजिन गरजतं. मिथेनॉल या इंधनाचा वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात. चोवीस गाड्या चार-चारच्या ओळीनं प्रेक्षकांना सलामी देत समोरून गेल्या तेव्हा माझ्या छातीत आवाज घुमला आणि डोळ्यांत पाणी आलं. विजेत्याला दीड लाख डॉलरच्या वर मिळतात. स्टीव्ह किन्सर इथं 12 वेळा जिंकला, डॉनी शाट्झ 11 वेळा. नासकार या पक्क्या ट्रॅकवरच्या मोठ्या मालिकेचा विजेता काइल लार्सनही इथं येतो आणि तीनदा जिंकला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून लोक सुट्टी काढून येतात. गावकरी आपल्या अंगणात तंबू आणि गाड्या लावायला जागा देतात. ट्रॅकला लागूनच स्प्रिंट कारचं संग्रहालय आहे, 1992 पासून. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या आजी म्हणाल्या, बाकावरची ही जागा आधी माझ्या वडिलांची होती.

ऑगस्टच्या त्या चार दिवसांत गाव वर्षाचा मोठा धंदा करतं, हे खरं. पण नॅशनल्स उभी राहिली ती शनिवारच्या सवयीवर. एप्रिलपासून येणारा माणूसच ऑगस्टचं तिकीट आधी काढतो आणि पाहुण्यांना बोलावतो. उलटं करून पाहिलेलं मला कुठं टिकलेलं दिसत नाही. टेनेसीमधल्या ब्रिस्टलच्या पक्क्या ट्रॅकवर नासकारनं 2021 पासून तीन वर्षं ट्रकनं माती आणून ओतली, मातीवर शर्यती घेतल्या आणि मग बंद केल्या. तिथं शनिवार नव्हता.

ओहायोमधल्या एल्डोराचे अर्ल बाल्टस हे मला या बाबतीत गुरुस्थानी वाटतात. हा मूळचा वाद्यवृंदाचा माणूस. नाचगाण्याचा हॉल चालवायचा. शेजारच्या गावातल्या शर्यतीला लोटलेली गर्दी पाहून 1954 मध्ये त्यानं हॉलच्या बाजूला मातीचा ट्रॅक काढला. लोकांची संध्याकाळ कशी घालवायची हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि ट्रॅक चालवताना तेच कामी आलं. 2001 मध्ये त्यानं एका शर्यतीच्या विजेत्याला चक्क दहा लाख डॉलर दिले. 2004 मध्ये ट्रॅक विकला तोही टोनी स्टुअर्टला, म्हणजे स्वतः मातीवर वाढलेल्या चालकाला.

सगळ्यांच्या नशिबी असा वारस नसतो. कॅलिफोर्नियातलं अॅस्कॉट पार्क 1990 मध्ये बंद झालं, फिनिक्समधलं मँझनिटा 2009 मध्ये. दोन्ही नावाजलेले ट्रॅक. शहर वाढत वाढत कुंपणापर्यंत येतं, जमिनीला सोन्याचा भाव येतो, नवीन घरं घेतलेले लोक आवाजाची तक्रार करतात. आता घरबसल्या शर्यती पाहण्याची सोय झाली आहे, फ्लोरेसिंग आणि डर्टव्हिजनवर. त्याचे पैसे मोठ्या स्पर्धांना मिळतात आणि दूरच्या चाहत्याला नॉक्सव्हिल दिसतं, हे चांगलंच आहे. पण बूनचा शनिवार पडद्यावर जगणार नाही. कारण घरी बसलेल्याच्या पायाशी ढेकूळ येऊन पडत नाही. शर्यती संपल्या की पिटचं दार सगळ्यांसाठी उघडतं, तिथं घरी बसलेला नसतो.

ते दार उघडणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या पहिल्या रात्री माझा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा, एका जिंकलेल्या गाडीजवळ गेला. चालकाच्या डोळ्यांभोवती चष्म्याएवढी जागा सोडली तर सगळा चेहरा मातीनं माखलेला. त्यानं मुलाला उचलून गाडीत बसवलं, स्टिअरिंग हातात दिलं. हेल्मेटच्या काचेवरून ओढून काढलेली, मातीनं माखलेली एक पातळ फिल्म त्याच्या हातावर ठेवली. ती आजही मुलाच्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्याचे पैसे कुणी घेतले नाहीत, आणि त्यानंतर किती शनिवारची तिकिटं आम्ही काढली याची मोजदाद नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असा एखादा ट्रॅक असण्याची शक्यता मोठी आहे. या उन्हाळ्यात एक शनिवार तिथं जा. ऊन असतानाच पोचा म्हणजे मातीवर पाणी मारताना बघायला मिळेल. मुलांच्या कानांना आवाज अडवणारे हेडफोन लावा, पांढरे कपडे घालू नका, आणि पहिल्यांदाच जात असाल तर बाकांच्या वरच्या रांगेत बसा. शर्यती संपल्यावर लगेच निघू नका, पिटमध्ये जा. आणि जेवण घरून बांधून नेऊ नका. तिथल्या खिडकीवर घ्या. दिव्यांचं बिल त्या खिडकीच्या पैशांतून भरलं जातं.