आधी हवा, मग रंग

पेणला काकांचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, तिच्यात फळ्यांवर रांगेने बसलेले गणपती आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर. आषाढात त्याची धडधड सुरू व्हायची ती चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत. मूर्तीच्या अंगाचा रंग स्प्रे-गनने मारायचा, पीतांबर आणि दागिने ब्रशने, आणि डोळ्यांची आखणी फक्त काकांनी करायची. आम्हा पोरांना गनला हात लावायची बंदी होती. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल गुलाबी व्हायचा, तेवढाच आमचा त्या रंगात वाटा.

भिंतीवर चित्रकार रघुवीर मुळगावकरांचं देवीचं एक जुनं कॅलेंडर होतं. मुळगावकर मूळचे गोव्याचे, स्प्रेच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या देवीच्या गालावर उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे मी नाक लावून शोधायचो. सापडायचं नाही. काका म्हणायचे, “त्यात ब्रश नाहीच. हवेने काढलंय.”

नववीत एकदाची गन हातात मिळाली. दाबल्या दाबल्या मूर्तीच्या पोटावर रंगाचा ओघळ आला. काकांनी काही न बोलता तो पुसला आणि माझ्या बोटावर बोट ठेवलं. खटका अर्धा दाबला की नुसती हवा येते, आणखी मागे ओढला की रंग येतो. “आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग सोडायचा, मग हवा.”

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि तिशीत विमानांच्या मॉडेलचा नाद लागला. पहिलं मॉडेल नॅट या छोट्या लढाऊ विमानाचं, १/७२ प्रमाणाचं. खरं नॅटच मुळात नऊ मीटरहून कमी लांब, त्यामुळे मॉडेल जेमतेम बारा सेंटिमीटरचं, तळहातावर मावणारं. ते ब्रशने रंगवलं आणि दिव्याखाली धरलं, तर पंखावर ब्रशच्या केसांच्या रेघा. गणित केलं आणि वाईट वाटलं: रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग जाड असला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटर होईल. एवढा लेप तर कोणी भिंतीला देतं, विमानाला नव्हे.

म्हणजे एअरब्रश घेणं आलं, काकांच्या गनचंच लहान रूप. पहिला स्वस्तातला आणला. खाली बाटली लटकलेली, खटका एकाच कामाचा. दाबलं की हवा आणि रंग एकदमच यायचे, रंग किती सुटणार ते मागच्या स्क्रूने आधीच ठरवायचं. लोखंडी फाटकाला तो उत्तम चालला असता. बाटलीतला रंग वर ओढायला दाबही जास्त लागायचा. पंखावर पुन्हा तोच ओघळ, नववीतला.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो, आणि ते महागात पडलं. ०.२ मिलिमीटरच्या सुईचा घेतला. लहान मॉडेल, म्हणून बारीक सुई. तर्क बिनतोड होता. पण नॅट १९६५ सालचं करायचं होतं, म्हणजे चंदेरी. चंदेरी रंगात धातूची भुकटी असते, ती त्या बारीक तोंडात अडकायची. पाच मिनिटं रंग, अर्धा तास सफाई. एका रविवारी सुई पुसताना टोक किंचित वाकलं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. त्यानंतर फवारा कायम डावीकडे जायचा. ती सुई अजून माझ्या खणात आहे.

एअरब्रशचा जनक म्हणून अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या अ‍ॅबनर पीलरचं नाव घेतात. १८७९ च्या सुमारास त्याने जे जुळवलं, त्यात शिवणयंत्राची सुई होती म्हणतात. मला ते लगेच पटलं. या यंत्रात सुईच सगळं आहे. तोंडाशी हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि रंग ओढला जातो. किती ओढला जावा ते सुई मागे-पुढे सरकून ठरवते.

तिसरा घेताना आकडे बाजूला ठेवले. ओळखीच्या एका मॉडेलवाल्याचा एअरब्रश तासभर मागून घेतला, त्यात नुसतं पाणी भरलं आणि वर्तमानपत्रावर रेघा मारत बसलो. वाटी वरच्या बाजूला होती, त्यामुळे दहा-बारा थेंबांतही काम भागत होतं. सुई ०.३ ची. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. माझं बोट न शिकवता ते करत होतं. तसाच दुसऱ्या दिवशी मागवला.

हवेसाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एका मेकॅनिककडून टाकीला जोडून घेतला. पंधरा ते वीस पीएसआय दाब पुरतो, आणि आवाज इतका कमी की बायकोची झोपही मोडत नाही. रंग दुधाइतका पातळ करायचा. चंदेरीखाली आधी चकचकीत काळा. सगळं जमलं, आणि जुलैत पंखावर पाण्याचे थेंब थुंकल्यासारखे उडाले. सुई तपासली, रंग बदलला, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग काकांची रोज संध्याकाळची हाक आठवली: “टाकीचं पाणी सोडलं का रे?” पावसाळी हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं, खालचा कॉक उघडून ते काढावं लागतं. कोकणातल्या पोराने हे विसरावं!

नॅट पुरं झाल्यावर पेणला घेऊन गेलो, कॉकपिटची काच तेवढी लावायची ठेवून. काकांनी ते उजेडात तिरपं धरलं, पोटावरून नख फिरवलं. “अंग बरं आहे.” पंखावरचं तिरंगी वर्तुळ पाहून विचारलं, “हे कोणी काढलं?” ते डिकल आहे, पाण्यात भिजवून चिकटवतात, असं सांगितलं. “म्हणजे चिकटवलंय,” म्हणाले, आणि त्यांचा त्यातला रस संपला. मग चष्मा वर करून आत पाहिलं. वैमानिकाचं डोकं तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान.

“याची आखणी राहिली.”

एवढ्याशा तोंडाला कोणी डोळे काढत नाही, असं मी म्हणालो. काकांनी तोवर शून्य नंबरचा ब्रश शोधला होता. हात आता थरथरतो त्यांचा. उजवा डोळा बसला, डावा जरा गालावर उतरला. मी तो तसाच ठेवून वरून काच लावली.