पांझरेच्या उगमाकडचं प्रजासत्ताक

जगाच्या नकाशावर सान मारिनो शोधायचं तर भिंग घ्यावं लागतं. इटलीच्या पोटात, मॉन्ते तितानो नावाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेला हा देश ६१ चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्याकडची चार-सहा गावशिवारं एकत्र केली की झाला देश. राष्ट्रप्रमुख एक नाही, दोन. आणि दर सहा महिन्यांनी, १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला, जुनी जोडी उतरते नि नवी बसते. शाळेत असल्यापासून मला अशा चिमुकल्या डोंगरी देशांचं वेड. अँडोरा, लिख्टेनश्टाइन, सान मारिनो: त्यांचा भूगोल, राज्यकारभार, उत्पन्नाची साधनं, सगळं पाठ. असा एक मुलूख आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहे आणि तिथे जायला पासपोर्ट नव्हे, फक्त पिंपळनेरपर्यंतची एसटी लागते, हे कळायला मात्र फार वर्षं गेली.

बारीपाडा, तालुका साक्री. शंभर-सव्वाशे घरांचा कोकणा आदिवासींचा पाडा. त्याच्या ताब्यात, म्हणजे त्याच्या राखणीत, सुमारे ४४५ हेक्टर जंगल आहे. एकरांत सांगायचं तर अकराशे.

जळगावहून निघालं की आधी आपलाच काळ्या मातीचा सपाट मुलूख. एरंडोल, पारोळा, धुळे. पुढे सुरतेच्या रस्त्याला कुसुंबे, नेर, आणि डाव्या-उजव्या हाताला पांझरा. या नदीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. कारण वर डोंगरात जे पाहायचं आहे त्याची पूर्वतयारी इथे होते.

पांझरेवर फड पद्धत चालत आली ती तीनेकशे वर्षांपासून. नदीला आडवा दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाला चाऱ्या, आणि गावच्या बागायतीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर त्या दोन फडांत हंगामी पिकं, आणि पाणी कमी असेल तर एक फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे फड कोरडा राहिला तरी झळ सगळ्यांना सारखी. पाणी सोडणार पाटकरी. पिकाची राखण करणार जागल्या. त्यांच्यावर हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः उठून बारं फोडायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. पाटकऱ्याचा मोबदला पिकातून. ना सरकारी खातं, ना इंजिनिअर. नियम गावानं घातलेले नि गावानंच पाळलेले. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. पण खानदेशच्या माणसाला स्वतःवर कायदा घालून घेता येत नाही असं जे आपण हताशपणे म्हणतो, ते खोटं आहे याचा पुरावा पांझरेच्या काठाला दगडात बांधलेला आहे.

साक्री मागे पडली की जमीन उचलू लागते. पिंपळनेरला पोचेपर्यंत दक्षिणेला शेलबारीच्या रांगा, त्यांच्यापलीकडे बागलाण, मांगी-तुंगीचे दोन सुळके, आणि आत साल्हेर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. पश्चिमेला गुजरातचा डांग. पांझरेचा उगम याच डोंगरांत. पाऊसही इथे वेगळा. धुळे शहर आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं तेव्हा या कोपऱ्यात भात लावणी चालू असते. रस्ता अरुंद होतो, वळणं वाढतात. मी भाद्रपदात गेलो होतो. डोंगरउतारावर नागलीचे पट्टे, खाचरात भात, आणि वर गच्च झाडी. केळीच्या ओळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला झाडं आखून न लावता एवढी दाट उगवतात, हेच आधी पचत नाही.

पण ही झाडी मूळची नव्हे, हे पाड्यात शिरल्यावर कळतं. १९९० च्या सुमाराला हे डोंगर बोडके झाले होते. पावसाचं पाणी उतारावरून धावत जाई, उन्हाळ्यात विहिरी आटत, बायका हंडे घेऊन लांब लांब जात, आणि दिवाळी झाली की माणसं गुजरातेत ऊसतोडीला. त्या काळात गावातला एक तरुण, चैत्राम पवार, एम. कॉम. झाला. त्याच्यासमोर नोकरीची वाट होती. तो गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली, सरकारची संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना त्याच सुमारास आली, आणि पाड्यानं जंगल राखायचं ठरवलं. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हे सगळं छापून आलं. मला मात्र माणसाच्या चरित्रापेक्षा त्या पाड्याच्या कायद्याचं कुतूहल जास्त होतं, कारण चांगली माणसं गावोगाव असतात. चांगला कायदा टिकतो तो फार थोड्या ठिकाणी.

कायदा असा. जंगलातलं उभं झाड तोडायचं नाही. तोडलं तर दंड, १०५१ रुपये. त्या काळी ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ही रक्कम म्हणजे पाठ मोडणारी. चोरी कळवणाऱ्याला इनाम. वाळलेलं सरपण आणायला मुभा, पण डोक्यावरून. जंगलात बैलगाडी न्यायची नाही.

या शेवटच्या कलमाशी मी बराच वेळ अडून बसलो. ओसरीवर एक म्हातारे बाबा होते, त्यांना विचारलं, गाडी का नाही? लाकूड तर वाळलेलंच आणायचं आहे. बाबांनी समोर टेकवलेल्या मोळीकडे बोट केलं. हाताच्या मनगटाएवढ्या काटक्या, वेलीनं बांधलेल्या. बाईच्या डोक्यावर किती येतं ते बघा, म्हणाले. एवढ्यात चूल चालते. गाडी नेली की गाडी भरावीशी वाटते. आणि गाडीच्या तळाशी काय घातलंय ते वरून दिसत नाही.

एवढंच. पण हा नियम ज्यानं सुचवला त्याची बुद्धी मला थक्क करून गेली. तपासणी नाही, नाका नाही, पावती नाही. मर्यादा माणसाच्या मानेच्या ताकदीनं घातलेली, आणि पाळली की नाही हे रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसतं. आपल्याकडे शंभर कलमांचे अधिनियम होतात नि त्यातलं एकही असं उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

राज्यकारभार म्हणाल तर बसून बोलणं. मोठे निर्णय सगळ्यांच्या बैठकीत, आणि बैठकीत बायका. पाड्यानं पाच गोष्टींना धरून कामं आखली: जल, जंगल, जमीन, जन, जनावर. श्रमदानातून उतारांवर चर खणले, ओढ्या-नाल्यांवर शेकडो छोटे दगडी बांध घातले. चराई आवरली, दारू आवरली. पेसा कायदा आला १९९६ मध्ये, वनहक्क कायदा २००६ मध्ये. पाड्याला स्वतःचं गाव म्हणून उभं राहण्याची नि सामूहिक वनहक्काची वाट या दोन कायद्यांनी खुली केली. बारीपाड्याची राखण त्याच्या आधीपासूनची.

आता अर्थव्यवस्था. इंद्रायणी भात, नागली, तूर, कांदा, भाजीपाला. ऊस लावून गूळ. अलीकडे स्ट्रॉबेरी. दूध. जंगलातून मोहाची फुलं, मध, औषधी वनस्पती. विहिरींना उन्हाळ्यातही पाणी, इतकं की आसपासच्या गावांनाही ते दिलं गेलं. ऊसतोडीला जाणं थांबलं. माझ्या दृष्टीनं या देशाच्या अंदाजपत्रकात एवढी एकच ओळ असती तरी पुरे होती.

आणि रानभाज्या. २००४ पासून इथे दरवर्षी वनभाजी पाककला स्पर्धा भरते. पाड्यातल्या नि आजूबाजूच्या गावांतल्या बायका आपापल्या भाज्या शिजवून ओळीनं मांडतात: शेवळा, टाकळा, कुर्डू, चाई, करटुली, बांबूचे कोंब, भोकर. शेजारी कच्ची भाजीही ठेवलेली, मुळापानासकट, म्हणजे ओळख पटावी. कडूकंदाची कृती मी एका मावशींकडून समजून घेतली. कंद विषारी. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. कडवटपणा वाहून जातो. किती वेळ ठेवायचं, असं विचारल्यावर त्यांनी चकती जिभेला लावून दाखवली. अशी लावून बघायची, कडू लागली की परत ओढ्यात. या कृतीला जंगल लागतं, राख लागते आणि भाद्रपदानंतरही वाहणारा ओढा लागतो. तिन्ही असल्याशिवाय ती भाजी ताटात येत नाही, आणि ते ज्ञानही दोन पिढ्यांत पुसलं जातं. स्पर्धेचं खरं काम तेच आहे: आजीला ठाऊक असलेलं नातीच्या हातात उतरवणं. बक्षीस मिळालेल्या बाईच्या चेहऱ्यावरचा ताठा बघायला मिळतो तो वेगळाच.

गावाला प्रजासत्ताक म्हणणं आपल्याकडे जुनं आहे, आणि त्यात धोका आहे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० मध्ये हिंदुस्थानातल्या गावांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं, आणि पुढे शंभर वर्षं ते सगळे घोकत राहिले. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या मेटकाफचाच उल्लेख करून या कल्पनेची सालं काढली. गाव म्हणजे संकुचितपणा नि अज्ञानाची जागा, म्हणून संविधानाचा घटक गाव नव्हे, व्यक्ती, असं त्यांनी ठणकावलं. ज्या गावात विहिरीवर कुणी चढायचं हे जातीवर ठरत होतं, त्या गावाला प्रजासत्ताक म्हणायला त्यांनी नकार दिला, आणि तो नकार योग्यच होता. बारीपाड्याचं कौतुक करताना मी हे विसरू इच्छित नाही. हा पाडा बहुतांशी एका जमातीचा आहे. तिथे एकमत होणं जितकं शक्य, तितकं अठरापगड गावात होत नाही. पण म्हणून तिथलं काम सोपं होतं असंही नाही. जंगल तोडणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. सख्ख्या चुलत भावाकडून दंड घ्यायला जी छाती लागते ती एकजातीच्या गावालाही आयती मिळत नाही.

जळगावी परतताना माझ्या मनात आपलाच मुलूख होता, सातपुड्याच्या पायथ्याचा. यावल, रावेर. देशभर केळी पाठवणारा, ठिबकचं तंत्र मुळाक्षरांसारखं गिरवलेला हा पट्टा. पैसा आहे, मोटारी आहेत, शहाणपणही आहे. आणि भूजलाचा उपसा इतका, की हे दोन्ही तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. एकाची बोअर दोनशे फुटांवर आटली की तो चारशेवर जातो, मग शेजारी सहाशेवर. बारीपाड्याजवळ ठिबक नव्हतं तेव्हाही त्याच्या विहिरीत पाणी आलं, कारण तिथे आधी नियम आला.

नियम आपल्याकडेही कागदावर आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी, पाणलोट समित्या, पीक आराखडा, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण खोल बोअर घेणाऱ्या शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन त्याला थांबवणारा माणूस कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. पांझरेचा जागल्या गावानं नेमला होता. बारीपाड्याचा राखणदारही गावानंच.

म्हणून आमच्याकडच्या काही केळी बागायतदारांना घेऊन पुन्हा बारीपाड्याला जायचं ठरवलं आहे. त्यांचा आग्रह स्पर्धेच्या दिवसांत जाण्याचा आहे, तेव्हा डोंगर हिरवा असतो नि जेवण चांगलं मिळतं. मी म्हटलं, एप्रिलच्या शेवटी जाऊ. हिरवळ तर आषाढात कुठेही दिसते. विहिरीत डोकवायचं असेल तर वैशाखातच गेलं पाहिजे.