ओव्याची खानावळ

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे, तर लेखकाने निदान काश्मीर तरी पाहिलेले असावे, असा एक संकेत आहे. हल्ली काश्मीरनेही भागत नाही. स्वित्झर्लंड नाही तर जपान लागतो. मी मात्र वाचकांना ओव्याला नेणार आहे. ओवे म्हणजे ओवा नव्हे आणि ओवीही नव्हे. पनवेल तालुक्यात, खारघरच्या पाठीला टेकलेले ते एक गाव आहे. जायला पारपत्र लागत नाही. बेलापूरला मेट्रोत बसावे, पेठपाड्याला उतरावे आणि रिक्षावाल्याला ‘ओवे गाव’ एवढेच सांगावे. बेलापूर ते पेंधर अशी अकरा स्थानकांची ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी खारघर स्टेशनवरून बसची वाट पाहण्यातच निम्मा प्रवास होत असे.

ओव्यात पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच: काही नाही. डोंगर आहे, पण तो खारघरचा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा कोसळतो, पण त्याचे श्रेयही खारघरच घेऊन जाते. ओव्याच्या वाट्याला उरते ते गावठाण, देऊळ, अरुंद गल्ल्या आणि चहूबाजूंनी चालून आलेले उंच उंच मनोरे. तरीही गेली पंधरा वर्षे महिन्यातून एखाद्या रविवारी मी सहकुटुंब ओव्याला जात आलो आहे. त्याचे कारण तिथली एक खानावळ. तिचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. पुढे जी तक्रार यायची आहे तिच्यासाठी नावाची गरज नाही.

ही खानावळ जिथे आहे ती जागा कशी निर्माण झाली, ते थोडे सांगायला हवे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातशेती गेली, मिठागरे गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि नवघर इथे झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज या भागातल्या गावांच्या कडेने ज्या तीन-चार मजली इमारती दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा त्या साडेबारा टक्क्यांवर उभ्या आहेत. वर घरे, खाली दुकाने. आमची खानावळ अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावरची. ज्या कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या भात पिकवला, त्याने शेत गेल्यावर भात शिजवून वाढायला घेतला, असा तिचा साधा इतिहास आहे.

दोन खोल्या, सहा टेबले आणि भिंतीवर देवीची तसबीर. पदार्थांची पाटी नसे. मावशी जे सांगतील ते जेवायचे. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, ओल्या बोंबलाचे कालवण, कधी जवळ्याची चटणी, कधी कोलंबी. आणि शेवटी भात. थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरल्या की मागच्या अंगणात पोपटी लागे. भांबुर्डीच्या पाल्यात बसवलेल्या शेंगा मडक्यातून निघाल्या की त्या वासाने आमची मुले ताटावरून उठून अंगणात धावत. मावशी त्यांना रागे भरत नसत. उलट दोन शेंगा हातावर ठेवून ‘आधी जेव, मग ये’ म्हणत.

गिऱ्हाईक तरी कोण? तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार, बांधकामावरचे गवंडी, एकटे राहणारे विद्यार्थी आणि आमच्यासारखी रविवारची हौशी मंडळी. कामगारांचा हिशेब महिन्याचा असे. गल्ल्याजवळ खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही लोंबत असे. तिच्यात ज्याचे त्याने आपल्या हाताने जेवण मांडायचे आणि पगार झाला की चुकते करायचे. वहीवर कुणी पहारा करीत नसे. 

आणि भात! तो किती घ्यावा याला बंधन नव्हते. ताटातला भात संपत आला की मावशी परात घेऊन मागे उभ्या. ‘नको’ म्हणण्याची सोय नसे. इंग्रजीत या क्रियेला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. मराठीत मात्र तिला ‘वाढणे’ म्हणतात, आणि मूल वाढते, पीक वाढते तेही याच शब्दाने. जेवणाऱ्याचे पोट पाहून जे ताटात पडते ते वाढणे. मागणी नोंदवून घेऊन जे समोर ठेवले जाते त्याला दुसरा शब्द शोधावा लागेल.

असे वाढणे हा काही एकट्या ओव्याचा शोध नव्हे. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार गावाकडे कुटुंब ठेवून एकटे राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका खानावळी चालवीत, तेही एखाद्या चाळीतल्या दहा-बारा हातांच्या खोलीत. गिऱ्हाइकाचा पगार होईपर्यंत वाण्याची उधारी या बायकांच्या डोक्यावर असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे सावकाराच्या व्याजातून त्यांची मान सुटू लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणगावाचे पगार थांबले आणि खानावळवाल्या बायकांच्या वह्यांत उधारीचे आकडे साचत गेले. खानावळ म्हणजे नुसते स्वस्त हॉटेल नव्हे. महिनाभर आधी जेवू घालून मग पैसे घेण्याइतका माणसावरचा विश्वास हे तिचे खरे भांडवल. 

आता तक्रार.

यंदा गणपती आटोपल्यावर आम्ही ओव्याला गेलो. बऱ्याच महिन्यांनी गेलो होतो. दारावर दिव्यांची पाटी झळकत होती. आत थंड हवेचे यंत्र, गुळगुळीत टेबले आणि हातात द्यायला बारा पानांचे पुस्तक. त्यात चिनी नूडल्स होत्या, पनीरचे सोळा प्रकार होते. बिरडे शोधावे लागले. बदल झाला म्हणून रुसायचे मला कारण नाही. पंधरा वर्षांत माझेही केस पांढरे झाले. पण आम्ही बसलो आणि बसूनच राहिलो. पाणी मागितल्यावर दहा मिनिटांनी आले. गल्ल्यावरचे यंत्र सारखे टिंगटिंग करी, आणि दाराशी रंगीत सदरे घातलेले, पाठीवर चौकोनी पिशव्या अडकवलेले तरुण हातातल्या मोबाइलवर नजर ठेवून ताटकळत उभे असत. स्वयंपाकघरातून निघालेला डबा आमच्या टेबलाला वळसा घालून थेट त्यांच्या पिशवीत जाई. पाऊण तास झाला. धाकटीने विचारले, ‘बाबा, आपण घरूनच मागवलं असतं तर लवकर आलं असतं का?’ उत्तर होकारार्थी होते, म्हणून मी दिले नाही.

हेही मी गिळले असते. पण शेजारच्या टेबलावर तळोज्याचे एक जुने कामगार बसले होते. आमची ओळख नुसती मान हलवण्यापुरती. पण त्या वहीत आकडे मांडताना त्यांना मी कितीदा तरी पाहिले होते. त्यांनी कालवण अर्धे राखून ठेवले होते आणि भात संपला होता. त्यांनी पोऱ्याकडे पाहून हात वर केला. पोऱ्या म्हणाला, ‘थाली लिमिटेड है. राइस एक्स्ट्रा, चालीस रुपया.’ 

ते काही बोलले नाहीत. भांडले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी उरलेले कालवण चमच्याने संपवले, खिशातून नोटा काढून मोजल्या आणि उठले. गल्ल्याजवळच्या खिळ्याकडे त्यांची नजर गेली की नाही, ते मी पाहिले नाही. खिळा तिथेच होता. वहीच्या जागी मोबाइलने पैसे भरण्याच्या चौकटीचा पुठ्ठा लटकत होता.

आमच्या बिलात पाच टक्के जीएसटी होता, तो तर सरकारचा. त्याखाली दहा टक्के ‘सेवाशुल्क’ लावले होते. सेवाशुल्क! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच सांगून ठेवले आहे, की कोणत्याही उपाहारगृहाने असे शुल्क परस्पर बिलात घालू नये. द्यायचे की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते धोरण उचलून धरले. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, उपयोगी पडते. मी तसे सांगताच शुल्क विनातक्रार निघाले. पण ज्या कशासाठी मी बेचैन होतो, ते कोणत्याही कलमात बसत नव्हते. 

मालक आता मावशींचे चिरंजीव. मला ओळखतात. बाहेर येऊन म्हणाले, ‘दादा, रागावलात वाटतं?’

मी त्या भाताची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि शांतपणे आपली बाजू मांडली. आईचे गुडघे गेले, तिला जिना उतरवत नाही. पोरे लांबून येतात, दोन-तीन महिने राहतात आणि हजार रुपये जास्त मिळाले की पुढच्या गल्लीत जातात. कोणाला कोणते कालवण आवडते ते शिकेपर्यंत पोरगा गेलेला असतो. ‘तुम्ही महिन्यातून एकदा येता, दादा. हे यंत्र दिवसातून चाळीस वेळा वाजतं. त्यातून ती कंपनी आपला हिस्सा कापून घेते, आणि उशीर झाला की गिऱ्हाईक घरबसल्या तारे कमी करतं. तुम्ही तारे कमी करत नाही, म्हणून तुम्हाला थांबावं लागतं.’

‘आणि वही?’

‘वही कोणाच्या नावाने ठेवू? पूर्वी कामगार पंधरा-पंधरा वर्षं एका कारखान्यात असायचा. आता कंत्राटावर येतो. आज आहे, पुढच्या महिन्यात कुठे असेल त्यालाच माहीत नसतं. तिघे पैसे न देता गेले, तेव्हा बंद केली.’

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या बोलण्याचाच विचार करीत होतो. ते खोटे बोलले नव्हते. आपण म्हणतो, पूर्वीची माणसे प्रेमळ होती आणि आताची उर्मट झाली. हे निदान सोपे आहे आणि म्हणूनच चुकीचे आहे. त्या पोऱ्यात उर्मटपणा नव्हता. त्याला जे सांगून ठेवले होते ते त्याने सांगितले. मावशी भात वाढीत, कारण जेवणारा उद्या पुन्हा येणार हे त्यांना ठाऊक होते. कामगार वहीत खरा आकडा मांडी, कारण उद्या पुन्हा त्याच दारात जायचे आहे हे त्याला ठाऊक होते. त्या ‘उद्या’वर ती खानावळ उभी होती. आज वाढणारा दोन महिन्यांचा, जेवणारा तीन महिन्यांचा आणि जागेवर डोळा ठेवून असलेला बिल्डर कायमचा! १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तालुक्यातल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय झपाट्याने होते आहे. राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न ओव्याच्या त्या सहा टेबलांवर मला पडला.

निघताना मी मालकांना एकच विनंती केली होती: पनीरचे सोळा प्रकार सुखाने विका, पण दुपारी थाळी खाणाऱ्याला भात मोजून देऊ नका. ते म्हणाले, ‘बघतो.’ मराठीत ‘बघतो’चा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नको.

तरीही महिन्याभराने दसऱ्यानंतर मी एकटाच जाऊन आलो. पुठ्ठ्याच्या बाजूला हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला होता: ‘दुपारी १२ ते ३. थाळी. भात पोटभर.’ थाळीची किंमत पंधरा रुपयांनी वाढली होती. ती मला रास्त वाटली. तांदूळ कुणाला फुकट मिळत नाही. पाणी अजूनही मागितल्याशिवाय येत नाही. दुपारी एकच्या सुमारास चार-पाच कामगार जेवत होते. तळोज्याचे ते गृहस्थ त्यांत नव्हते. मालकांना विचारले, तर म्हणाले, ‘त्या दिवसापासून आले नाहीत. कुणाकडून तरी निरोप धाडलाय.’