पराभूत कार्यकर्ता

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे विजयी उमेदवार गुलालांत न्हातो आणि पराभूत उमेदवार पत्रक काढतो. परंतु पराभूत कार्यकर्त्यानें काय करावें, याचा विधि कोणत्याहि ग्रंथांत सांगितलेला नाहीं. बहुधा तो पताका उतरवितो. लालबागच्या चाळींत राहून मीं हें काम इतक्या वेळां केलें आहे कीं, सुतळीची गांठ मला अंधारांतहि सोडवितां येते. माझ्या पक्षाचें नांव मी सांगत नाहीं. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं सर्व पक्षांचे पडलेले कार्यकर्ते एकाच जातीचे असतात.

अशा दिवशीं मनांत पहिला विचार येतो तो लोकांच्या कृतघ्नतेचा. ज्यांच्या नळाच्या पाण्यासाठीं आपण वॉर्ड ऑफिसचे उंबरठे झिजविले, ज्यांच्या म्हाताऱ्याला मध्यरात्रीं के. ई. एम.मध्यें पोंचविलें, त्यांनींच आपल्याला मत देऊं नये! स्वतःबद्दलची करुणा नेहमींच गोड लागते. पण या गिरणगांवाचा इतिहास आठवला म्हणजे ती गोडी टिकत नाहीं.

१९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्र समितीनें या भागांत काँग्रेसला धूळ चारली व कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. १ मे १९६० रोजीं राज्य मिळालें. कृतज्ञतेनें मतें पडत असतीं, तर १९६२ सालीं समितीच्या पुढाऱ्यांना घरीं बसूनहि निवडून येतां आलें असतें. परंतु समिती तोंवर फुटली होती. विधानसभेच्या २६४ जागांपैकीं २१५ काँग्रेसनें जिंकल्या, आणि लोकसभेला खुद्द डांगे पडले. त्याहिपूर्वीं, पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत, याच मुंबईनें डॉ. आंबेडकरांना पाडलें होतें. हें आठवलें कीं, आपल्या जप्त झालेल्या अनामत रकमेचें दुःख फारसें उरत नाहीं.

आतां उलट उदाहरण पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार उतरले. संप फसला, हजारों संसार उघड्यावर आले. तरीहि १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट देशभर उसळली असतांना, त्याच संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईंतून निवडून आले!

लढा जिंकलेले पडतात आणि लढा हरलेला निवडून येतो. यावरून मला असें वाटतें कीं, मत ही केलेल्या कामाची पावती नव्हे. मतदार पेटीपाशीं जातो तो मागचा हिशेब चुकता करावयास नव्हे, तर उद्यांची कांहीं आशा किंवा आपला दुखावलेला मान सांगावयास. त्याच्यावर आपलें कर्ज आहे असें मानणारा कार्यकर्ता हा कार्यकर्ता नसून सावकार होय.

आमच्यांतील एक तरुण परवां म्हणाला, “काका, मी पलीकडच्या पक्षांत जातों. तिथं निदान कामं तरी होतात.” मीं त्याला अडविलें नाहीं; त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. शिवाय आमच्याजवळ त्याला देण्यासारखें तरी काय आहे? गिरण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. मतदारयादी घेऊन फिरावें, तर निम्म्या दारांना कुलुपें. माणसें विरारला आणि डोंबिवलीला गेलेलीं. मग आपण कां राहिलों, हा प्रश्न मला त्या रात्रीं झोंप देईना.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या चाळींतील एक आजी श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आल्या. खुर्चींत टेंकतांच म्हणाल्या, “भाऊ, मत काही तुम्हांला दिलं नाही. खोटं कशाला बोलूं? पण अर्ज तुम्हीच भरून द्या. दुसऱ्यावर माझा भरवसा नाही.”

मत एकाला आणि भरवसा दुसऱ्यावर, ही विभागणी त्यांना मुळींच विचित्र वाटत नव्हती. मलाहि मग ती तशी वाटेनाशी झाली. मीं चष्मा लावला आणि त्यांचें आधार कार्ड मागितलें.