गेलेल्या दाढेची जागा

तासगावजवळच्या आमच्या गावी दाढ काढून आलेल्या माणसासाठी चुलीवर वेगळे पातेले चढायचे. त्यात ज्वारीच्या कण्या शिजायच्या. गार झाल्या की ताक घालून पातळ करायच्या. दोन-तीन दिवसांनी गुरगुट्या भात, तूप, मीठ. दाढ एकाचीच जायची, पण आठवडाभर सगळ्या घराचा स्वयंपाक तिच्या कलाने व्हायचा. दारावरून जाणारा प्रत्येकजण विचारायचा, "उतरली का सूज?"

एकदा दाढ गेली की गेलीच. तिथे दुसरी बसवायची, हा विचारच कुणाच्या मनात येत नसे. आजीच्या तोंडात शेवटी खालचे पुढचे चार-पाच दात उरले होते. ती ताटात भाकरी बारीक कुस्करायची, वर आमटी ओतायची आणि आमचे निम्मे जेवण होईतो घासाला हात लावायची नाही. विडा मात्र तिने सोडला नाही. जेवण झाले की लहानशा लोखंडी खलबत्त्यात पान, कात, चुना, सुपारी कुटून द्यायचे काम आम्हा नातवंडांकडे असे. बारीक झाले की नाही हे ती बोटांच्या चिमटीत धरून बघायची आणि कुठे सुपारीचा खडा लागला तर खलबत्ता परत आमच्या हातात यायचा.

पुढचा दात गेला तर गोष्ट वेगळी. आमचे अण्णा शाळेत शिक्षक. वरचा पुढचा दात पडल्यावर त्यांना मुलांसमोर बोलणे जड जाऊ लागले, म्हणून सांगलीला जाऊन त्यांनी एका दाताची कवळी करून घेतली. गुलाबी ॲक्रिलिकची टाळूला चिकटून बसणारी पट्टी, दोन बाजूंना तारेचे आकडे आणि मधे एकच दात. शाळेत जाताना लावायची, जेवताना काढायची. रात्री ती पाण्याच्या वाटीत कोनाड्यात असे. अण्णांना हसू आले की हात आपोआप तोंडाशी जायचा, आकडा सैल होता म्हणून.

ती कवळी करणारे वयस्क दंतवैद्य पदवीधर नव्हते. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने पदवी नसली तरी आधीपासून हाच व्यवसाय करणाऱ्यांची नोंदणी वेगळ्या यादीत करून घेतली होती, त्यातले ते. त्यांच्या खोलीत दोऱ्या आणि कप्प्यांवर फिरणारे कोरायचे यंत्र होते. ते दातावर टेकले की कवटीभर घरघर व्हायची. तो दवाखाना मी अण्णांच्या मांडीवर बसून पाहिला आहे, आणि त्या काळाबद्दल कितीही माया असली तरी ती घरघर परत यावी असे मला मुळीच वाटत नाही.

गेल्या वर्षी पुण्यात माझी डावीकडची खालची पहिली दाढ काढावी लागली. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. ती येताना एकही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ही कायमची आहे हे आईबापांच्या लक्षातच येत नाही. ती सगळ्यांत आधी येते आणि किडून सगळ्यांत आधी जातेही. आईचीही हीच दाढ गेली होती.

डॉक्टरबाईंनी क्ष-किरणांचे चित्र पडद्यावर मोठे करून दाखवले. "काकू, ही जागा अशीच ठेवली तर मागची दाढ पुढे कलते आणि वरची हळूहळू खाली उतरते. मग घास अडकायला लागतो." मी ऐकत होते आणि मला आई दिसत होती. जेवण झाले की ती उठून परसात जायची, पदर तोंडाला लावून कडुनिंबाच्या काडीने काही तरी काढत बसायची. वर्षानुवर्षे ती उजव्याच बाजूने चावत राहिली. आम्ही त्याला वय म्हणत होतो. ते वय नव्हते. एका मोकळ्या जागेने शेजारपाजार बिघडवला होता, एवढेच.

ब्रिज म्हणजे शेजारचे दोन दात कोरून बारीक करायचे, त्यांवर टोप्या घालायच्या आणि दोन टोप्यांच्या मधे खोटी दाढ जोडायची. धड दात झिजवायचे हे मनाला पटेना. दोन्ही शेजारी निरोगी असते तर जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दाढ लावण्याचा सल्ला बाईंनी दिला असता. ती पद्धत ब्रॉनेमार्क या स्वीडिश शल्यचिकित्सकाने 1965 मध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली. पण माझ्या मागच्या दाढेत आधीच मोठे सिमेंट भरलेले होते, तिला टोपीची गरज होतीच. मग ब्रिजच ठरला.

जखम भरून हाड स्थिरावायला तीनेक महिने थांबलो. नंतर भुलीचे इंजेक्शन, आणि मिनिटाला 3 लाखांच्या आसपास फेरे घेणारे हवेवरचे यंत्र. त्याला आवाज होता, घरघर नव्हती. मापासाठी तोंडात लगदाही भरला नाही. पेनाएवढा कॅमेरा दातांवरून फिरला आणि माझा जबडा पडद्यावर उमटला. रंगांची पट्टी गालाशी धरून बाईंनी माझ्या दातांचा पिवळसरपणा जुळवला. झिर्कोनियाची दाढ भट्टीत आकसते, म्हणून ती आधी पाचवा-चौथा हिस्सा मोठी कोरतात आणि मग सुमारे 1500 अंशांना भाजतात, हे ऐकून मी थक्क झाले. बसवल्यावर निळा कागद चावायला देऊन जिथे ठिपका गडद उमटला तिथे जरासे घासले. झाले.

घरात कुणालाच पत्ता लागला नाही. ब्रिजखालून दोरा घालून रोज साफ करायचे ते मी न्हाणीघरात एकटीच करते. कण्या कुणी शिजवल्या नाहीत, सूज कुणी विचारली नाही. आणि त्या माणसांची मला मनापासून आठवण येते, हेही खरे.

दिवाळीत आत्या आली. नव्वदीला टेकलेली. एके काळी ती उभा ऊस दाताने सोलून आम्हाला कांड्या द्यायची. तिने मला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावले, खोटी कुठली ते शोधले आणि दुसऱ्याच दाढेवर बोट ठेवले. सांगितल्यावर बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वैनीला ह्ये मिळाय पायजे हुतं गं."

आत्याचे खालचे सहा-सात दात अजून शाबूत आहेत. तिला त्याच डॉक्टरबाईंकडे नेणार आहे. त्या दातांच्या आधाराने नीट बसणारी कवळी होईल का ते बघू.