दांडा आणि टेकू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादाच्या गॅरेजात एक जुनी होंडा सिटी आली. गिअरचा दांडा फार लांब ओढावा लागतो, म्हणून मालकाला शॉर्ट शिफ्टर बसवायचा होता. "सर्वांत आखूड फेकीचाच घ्या!" मी ऐटीत म्हणालो. दादाने दहावीतच शाळा सोडलेली. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला.

दादाने दांडा मोजला. टेकूच्या वर २० सेंटिमीटर, खाली ४. "खालची बाजू ५ केली, तर मूठ १० ऐवजी ८ सेंटिमीटर फिरेल. पण हाताला जोर सव्वापट लागेल. रोजच्या गर्दीत झेपेल का?"

तरफेचा हा नियम मी परीक्षेत पाठ करून लिहिला होता.

मग त्याने माझा हात मुठीवर ठेवला. गाडी गिअरमध्ये असूनही दांडा लटलटत होता. "बुश झिजलेत. नवा शिफ्टर घालून ही ढिलाई जायची नाही. आधी बुश बदलू." मालकालाही त्याने तेच सांगितले. थोडक्या पैशांत काम झाले, मालक खूश होऊन गेला. शिफ्टरची मजुरी मात्र बुडाली.

"नुकसान झालं ना रे?" मी विचारले. दादा हात पुसत हसला.

आता काही सांगण्याआधी मी हात लावून पाहतो.